आठ तासांची परीक्षा आणि आपली अभ्यासिका

(वर्षावासानिमित्त आयोजित रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत धम्मावर, संविधानावर आणि साहित्यावर अधिकारी वक्ते बोलून गेले. आज कार्यकारिणीने आमच्यावर जरा वेगळे काम सोपवले आहे. अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत जे चालते ते नेमके काय आहे, आणि त्यावर मंडळाच्या शैक्षणिक निधीतील पैसा का खर्च होतो, याचा खुलासा सभासदांपुढे करावा, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही बँकेत कारकून. पदवी कला शाखेची. संगणकाच्या जाळ्याचे शास्त्र आम्हाला शिकवता येत नाही. परंतु त्या खोलीची किल्ली गेली तीन वर्षे आमच्याकडे आहे आणि मुले काय करतात हे आम्ही जवळून पाहिले आहे. जे पाहिले तेवढेच सांगतो.

आपल्यापैकी प्रत्येकाने बँकेच्या काउंटरवर कधी ना कधी एक वाक्य ऐकले असेल, "साहेब, लिंक नाही." पासबुक हातात घेऊन म्हातारी माणसे दोन-दोन तास बाकावर बसून राहतात. काउंटरच्या आत बसलेले आम्हीही तसेच हात बांधून बसलेले असतो. कारण खातेदाराचे खाते आता शाखेच्या कपाटातील लेजरमध्ये नसते. ते दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकात असते आणि शाखा त्याच्याशी तारेने जोडलेली असते. मधल्या वाटेवर राऊटर आणि स्विच नावाची यंत्रे असतात. पोस्टात पत्रांची जशी पत्त्याप्रमाणे छाननी होते, तशी ही यंत्रे माहितीच्या लहान लहान पाकिटांची छाननी करून ती पुढे धाडतात. रेल्वेचे आरक्षण असो, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल असो की मोबाईलवरून दिलेले भाजीचे पैसे असोत, सर्वांचा रस्ता हाच. हा रस्ता आखणारी आणि बिघडला की दुरुस्त करणारी माणसे लागतात. वरच्या खोलीतील आपली मुले त्या कामाच्या सर्वात अवघड परीक्षांपैकी एका परीक्षेची तयारी करतात.

या परीक्षेचे नाव सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्सपर्ट, थोडक्यात सीसीआयई. सिस्को ही राऊटर बनवणारी अमेरिकन कंपनी १९८४ साली स्थापन झाली आणि ही परीक्षा तिने १९९३ साली सुरू केली. तिचे क्रमांक १ पासून सुरू होत नाहीत. संगणकाच्या हिशेबातील हजार म्हणजे १०२४. म्हणून १०२४ हा क्रमांक परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच दिला गेला आणि माणसांचे क्रमांक १०२५ पासून सुरू झाले. आरंभी ही प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांची असे. २००१ साली ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. २०२० सालापासून तिचे स्वरूप पुन्हा बदलले. आधी दोन तासांची एक संगणकीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तिची फी ४०० डॉलर. त्यानंतर तीन वर्षांच्या आत आठ तासांच्या प्रात्यक्षिकाला बसावे लागते. त्याची फी १६०० डॉलर, म्हणजे आपल्या रुपयांत सव्वा लाखाहून अधिक. आपल्या मुलांना त्यासाठी बेंगळुरूला जावे लागते. नापास झाल्यास पुढच्या खेपेला पुन्हा संपूर्ण फी. उत्तीर्ण झाल्यावरही प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते, पुढे ते नव्याने टिकवावे लागते.

आठ तासांचे दोन भाग असतात. पहिले तीन तास रचनेचे. एखाद्या काल्पनिक कंपनीची कागदपत्रे, पत्रव्यवहार आणि नकाशे समोर ठेवतात आणि तिच्या गरजेप्रमाणे कोणता मार्ग योग्य ते विचारतात. या भागात एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. नंतरचे पाच तास प्रत्यक्ष कामाचे. जाळे उभे करायचे, त्यातील बिघाड शोधायचे, ते सुधारायचे. एखाद्या कामाला पाच अटी असतील आणि चार पूर्ण झाल्या, तर पाचापैकी चार गुण मिळत नाहीत. काम पुरे झाले तरच गुण. आमची मुले ज्या शाखेची तयारी करतात तिच्या अभ्यासक्रमात ३० टक्के भाग जाळ्याच्या मूळ बांधणीचा आहे, २५ टक्के सॉफ्टवेअरने चालवल्या जाणाऱ्या नव्या पद्धतीच्या जाळ्यांचा, आणि उरलेले वहन, सुरक्षा व स्वयंचलन हे तीन भाग प्रत्येकी १५ टक्के. शेवटच्या भागात पायथन भाषेतले प्रोग्रॅमही येतात.

पालकांसाठी येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. या परीक्षेला बसण्यासाठी शिक्षणाची कोणतीही अट नाही. हे ऐकून गेल्या वर्षी दोन-तीन पालक बारावी झालेल्या मुलांना घेऊन आमच्याकडे आले होते. अट नाही हे खरे, परंतु ५ ते ७ वर्षे कामाचा अनुभव असावा अशी शिफारस परीक्षा घेणाऱ्यांनीच केलेली आहे. बारावीच्या मुलाने आधी पदवी अथवा पदविका पूर्ण करावी, सीसीएनए ही पहिली पायरी चढावी, नोकरी धरावी आणि मग या शिखराकडे पाहावे. 'हमखास पास' असे फलक लावणाऱ्या क्लासच्या दारात घरातले दागिने ठेवून जाऊ नये.

आता खोलीविषयी. तीन वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतील तिघे आमच्याकडे आले. एक मुलगी, रात्रपाळीत एका कंपनीचे जाळे सांभाळणारी. दुसरा आमचा सख्खा भाचा. तिसरा एक होतकरू तरुण. तिघेही नोकरी करणारे. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि टीव्ही, त्यामुळे सलग आठ तास बसायला जागा नाही, एवढीच त्यांची मागणी होती. मंडळाने खोली दिली आणि दोन जुने संगणक घेऊन त्यांची मेमरी वाढवून दिली. खऱ्या राऊटरचे कपाट विकत घ्यायचे तर लाखोंचा खर्च. परंतु एका संगणकाच्या पोटात दहा-वीस राऊटर चालल्यासारखे करता येते. पॅकेट ट्रेसर आणि ईव्ह-एनजीची सार्वजनिक आवृत्ती ही साधने विनामूल्य मिळतात. सिस्कोच्या स्वतःच्या मॉडेलिंग लॅब्सचीही पाच यंत्रांपुरती विनामूल्य आवृत्ती आहे. आरंभाला एवढे पुरे होते.

आमच्याकडे काम आले ते घड्याळाचे. परीक्षेसारखी परीक्षा घ्यायची, तर कोणीतरी त्रयस्थ माणूस हवा. आम्ही बरोबर आठला पहिला भाग वाटायचो, अकराला गोळा करायचो. मधल्या सुट्टीत महिला मंडळाच्या भगिनी पोहे पाठवायच्या. बाराला दुसरा भाग सुरू आणि पाचला संगणक बंद. अर्धे वाक्य टाइप व्हायचे राहिले असले तरी बंद.

पहिल्या काही रविवारी आमच्या असे लक्षात आले, की मुलांना उत्तरे येत होती, परंतु प्रश्न नीट वाचलेला नव्हता. 'कोणताही स्थिर मार्ग न वापरता' असे कागदावर स्पष्ट लिहिलेले, आणि मुलाने नेमका तोच वापरलेला. 'फक्त दुसऱ्या शाखेतून' हे शब्द वगळून काम केलेले. हे पाहिल्यावर कला शाखेचे आम्ही थोडे उपयोगी पडू लागलो. प्रत्येक प्रश्न आधी दोनदा वाचायचा, 'फक्त', 'वगळून', 'न वापरता', 'किमान' अशा शब्दांखाली रेघ मारायची, अटींची संख्या कडेला लिहायची आणि काम झाल्यावर एकेक अट तपासून खूण करायची, असा नियम केला. त्याने गुण वाढले.

दुसरी गोष्ट बिघाड शोधण्याची. राऊटरांच्या भाषेत 'शेजारी' असा शब्द आहे. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत एक राऊटर दुसऱ्याला दर १० सेकंदांनी नमस्कार पाठवतो. ४० सेकंद नमस्कार आला नाही, तर शेजारी गेला असे समजतो. परंतु शेजार जुळण्यासाठी दोघांचे क्षेत्र, पत्त्याची विभागणी आणि हे सेकंदांचे हिशेब सारखे असावे लागतात. एका रविवारी आम्ही मुद्दाम एका बाजूचे ४० काढून ३० करून ठेवले होते. कसे करायचे ते अर्थात त्या तरुणाने दाखवले होते. ती मुलगी त्यात एक तास दहा मिनिटे अडकली. तिने मार्ग ठरवण्याचे अवघड नियम तपासले, सुरक्षेच्या याद्या तपासल्या, सर्व काही पुसून पुन्हा लिहिले. दोन बाजूंचे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून मात्र पाहिले नाहीत.

त्या दिवशी आम्ही मुलांना आमच्या धंद्यातली एक खूण सांगितली. संध्याकाळी हिशेब जुळला नाही आणि फरकाला ९ ने भाग गेला, तर कारकून आधी उलटे लिहिलेले आकडे शोधतो. ८२ ऐवजी २८ लिहिले तर फरक ५४ येतो, त्याला ९ ने भाग जातो. सगळी व्हाउचरे पुन्हा उपसण्याआधी फरक काय सांगतो ते पाहायचे. मुलांनी त्यावरून आपला क्रम ठरवला. आधी तार जोडलेली आहे का, मग पोर्ट चालू आहे का, मग पत्ता बरोबर आहे का, मग शेजारी जुळला का, मग मार्ग आला का. या क्रमाने खालून वर जायचे, आणि एका प्रश्नात वीस मिनिटांत धागा सापडला नाही तर खूण करून पुढे जायचे. दुसऱ्या भागात मागे येता येते, त्याचा फायदा घ्यायचा.

इतकी तयारी करून ती मुलगी बेंगळुरूला गेली. निम्मी फी तिने साठवली होती, निम्मी मंडळाच्या निधीतून बिनव्याजी कर्जाने दिली होती. परीक्षेनंतर दोन दिवसांत निकाल आला. नापास. रचनेच्या भागात ती कमी पडली. सभासदहो, त्या आठवड्यात या सभागृहात काय काय बोलले गेले ते आम्ही ऐकले आहे. पासष्ट हजार पाण्यात गेले, असे म्हणणारे होते. मुलीच्या जातीला कशाला एवढे, असेही एकजण म्हणाले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उभे राहून हे म्हटले गेले, याचे आम्हाला फार वाईट वाटले.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी पहिल्या खेपेस जसाच्या तसा स्वीकारला नव्हता. १९२३ साली त्यांना तो फिरून लिहायला सांगण्यात आले. हातात पैसा नव्हता. ते मुंबईला परतले, प्रबंध सुधारून पुन्हा लंडनला धाडला, आणि त्याच वर्षी तो मान्य होऊन त्यांना डी. एससी. ही पदवी मिळाली. आपण पदव्यांची यादी जयंतीच्या फलकावर रंगवतो, परंतु त्या यादीतील एका पदवीमागे अशी दुसरी खेप आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही.

त्या नापासाच्या वातावरणातच पुढची गोष्ट घडली. ती सांगावी की नाही यावर आम्ही बराच विचार केला, कारण ती आमच्या घरातली आहे. आमच्या भाच्याने निधीकडे पंचवीस हजारांचा अर्ज केला. अर्जात 'क्लासची फी' असे लिहिले होते. आम्हाला मात्र त्याने खरे सांगितले. फोनवरून कोणी एक माणूस त्याला परीक्षेत सध्या येत असलेले प्रश्न उत्तरांसह देणार होता. बाजारात याला 'डम्प' म्हणतात. भाचा म्हणाला, "मामा, सगळेच घेतात. ती प्रामाणिकपणे गेली, काय झालं ते पाहिलंत ना?"

आम्ही त्याला होकार दिला. हे आज तुमच्यासमोर कबूल करतो. घरातले दुसरे अपयश आम्हाला नको होते. ताईने त्या मुलासाठी काय सोसले आहे ते आम्ही पाहिलेले. अर्जावर शिफारशीची सही करून आम्ही तो कपाटात ठेवला.

पुढच्या रविवारी त्या मुलीला हे कुठूनतरी कळले. ती भांडली नाही. किल्ली परत करताना एवढेच म्हणाली, "काका, तुमच्या शाखेची लिंक गेली आणि दुरुस्तीला असा पास झालेला माणूस आला, तर बाहेर बाकावर बसलेल्यांना तुम्ही काय सांगाल?"

आम्ही रोज काउंटरवर बसतो, आणि त्या बाकावरचे चेहरे आम्हाला ठाऊक आहेत. आम्ही दर पौर्णिमेला येथे पंचशील ग्रहण करतो. न दिलेले घेणार नाही आणि खोटे बोलणार नाही, या दोन्ही शीलांचा भंग त्या एका अर्जात होता, आणि त्यावर सही आमची होती. सोमवारी आम्ही सही खोडली आणि चिटणिसांना कारण लेखी दिले. असा गैरप्रकार उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांना कायमची बंदी येऊ शकते, हेही खरे आहे. परंतु पकडले जाण्याच्या भीतीने आम्ही सही खोडली नाही, एवढे नमूद करतो.

याची किंमत घरात मोजावी लागली. ताई म्हणाली, "परक्याच्या मुलीला पैसे दिलेस आणि घरच्या पोराला नाही म्हणालास." त्या वर्षीच्या वर्षावासात ती विहारात आली नाही. भाच्याने अभ्यासिकेत येणे बंद केले. आम्ही दर रविवारी त्याची खुर्ची लावून ठेवत होतो.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मुलीने सात महिने रचनेच्या भागावर घालवले. रोज एक जुनी कागदपत्रांची केस वाचायची आणि 'हाच मार्ग का, दुसरा का नाही' हे एका पानात लिहायचे, असा तिचा परिपाठ होता. तांत्रिक बाजू आम्हाला समजत नसे, पण युक्तिवाद कुठे तुटतो ते वाचून आम्ही सांगत असू. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. निधीच्या दोन्ही कर्जांची परतफेड ती हप्त्यांनी करते आहे, एकही हप्ता चुकलेला नाही. तिसऱ्या तरुणाला याच अभ्यासाच्या बळावर पुण्यात चांगली नोकरी लागली, त्याने परीक्षेचा नाद सोडला. तोही निकाल आम्ही यशाचाच मानतो. आणि गेल्या माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी भाचा आठ वाजता दारात येऊन उभा राहिला. त्याने अजून बेंगळुरूची तारीख घेतलेली नाही. घाई नाही.

या अनुभवावरून कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील सूचना ठेवत आहोत.

१. निधीतून कर्ज देताना 'दोन खेपांचे' द्यावे. पहिल्या खेपेस नापास झालेल्याला दुसऱ्या खेपेची मदत मागताना मान खाली घालावी लागू नये.

२. प्रात्यक्षिकाच्या कर्जासाठी किमान दहा रविवारच्या पूर्ण आठ तासांच्या सराव परीक्षांची हजेरी आवश्यक धरावी.

३. चोरीच्या प्रश्नपत्रिका घेणाऱ्यास निधी मिळणार नाही, असे अर्जावरच छापावे. पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनाही हाच नियम.

४. दहावी-बारावीच्या मुलांसाठी शनिवारी वेगळा वर्ग ठेवावा. पत्त्यांचा हिशेब ही पहिली पायरी आहे. २५६ पत्त्यांचे चार समान भाग केले, तर प्रत्येकी ६४ येतात आणि त्यातले यंत्रांना वापरता येतात ते ६२, कारण पहिला पत्ता जाळ्याच्या नावाचा आणि शेवटचा सर्वांना हाक मारण्याचा. एवढे गणित आठवीच्या मुलालाही जमते. हा वर्ग घेण्यास ती मुलगी तयार आहे.

५. ज्यांच्या घरी वापरात नसलेले, पण चालू स्थितीतील संगणक असतील, त्यांनी ते अभ्यासिकेस द्यावेत.

शेवटी सभासदांना एक वैयक्तिक विनंती. ही मुले जिना उतरून येतात तेव्हा त्यांना 'पास कधी होणार' असे विचारू नका. रात्रपाळी करून आलेला माणूस आठ तास बसून उठलेला असतो. त्याला चहा विचारा. आणि रविवारी सभागृहात लाउडस्पीकरची चाचणी करायची असेल, तर ती पाच वाजल्यानंतर करावी.

 उद्या सकाळी बँक आहे, आणि वरची खोली अजून झाडायची आहे. येथेच थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!